जावयाच्या घरचा गारवा

आमचा कूलर मी आयुष्यात एकदाच स्वतः दुरुस्त केला.

एप्रिल लागला की नागपुरात कूलरच्या मिस्त्रीला नवरदेवाचा भाव येतो. आमच्या मिस्त्रीने कूलरकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "खस नवी लागते, पंप गेला, टाकी गळून राहिली. तीन हजार होईन साहेब."

"तीन हजार? तेवढ्यात तर..." (तेवढ्यात काय येतं ते ऐनवेळी सुचेना!) "राहू दे, मीच करतो!"

"तुम्ही?" बायको म्हणाली. त्या एका शब्दात आमचा वीस वर्षांचा संसार होता.

पंप आणला, टाकीचं भोक बुजवलं. राहिली खस, म्हणजे वाळ्याच्या गवताची ताटी. गच्चीवर गेलो तर कोपऱ्यात खसची एक जुनी ताटी उभी! रंग जरा लालसर होता. म्हटलं, गंज असेल. (गवताला गंज चढत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.) ताटी मापात कापली आणि कूलरला ठोकली. फुकट!

त्याच दुपारी भिवापूरहून सासरे आले. मिरचीचे जुने शेतकरी. घामाने निथळत ते थेट कूलरसमोर बसले.

"लावा जावईबापू, जीव जाऊन राहिला."

मी ऐटीत बटण दाबलं. सासऱ्यांनी डोळे मिटले, सुखाने हसले आणि "आऽऽक्छी!"

"धूळ आहे बाबा, उडून जाईल," म्हणत मी पंखा पूर्ण वेगात सोडला.

"फोडणी कोण जाळून राहिलं?" स्वयंपाकघरातून बायको खोकत धावली.

"स्वयंपाकघरात तर तूच होतीस!"

"मी चहा ठेवला होता! ती ताटी कुठली लावली?"

"गच्चीवरची..."

"अरे देवा! तिच्यावर मी दोन वर्षं बाबांच्या मिरच्या वाळवल्या!"

मी घाईघाईत बटण बंद करायला गेलो. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, काही दिसेना. दाबलं ते पंपाचं! आता पाणी मिरचीतून गाळून येऊ लागलं आणि बैठकीत सावजीचा झणझणीत रस्सा शिंपडला जाऊ लागला!

भर दोन वाजता आम्ही तिघं रस्त्यावर. समोरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "काहून उभे हाय जी एवढ्या उन्हात?"

सासरे उपरण्यात नाक शिंकरत म्हणाले, "जन्म गेला मिरचीत, पण असा ठसका लागला नाही मले! जावयाच्या घरी गारवा लय जोरात हाय!"

शेवटी मिस्त्रीलाच बोलावलं. तोंडाला दुपट्टा बांधून तो आला. नवी खस, कूलरची धुलाई, मोटार खोलून साफ, वर पडदे धुवायला गेले ते वेगळे. सहा हजार! "यातले पाचशे माझ्या डोळ्यांचे," तो म्हणाला.

आता घरात कूलरचं एकच काम माझ्याकडे आहे, उन्हाळ्यात पहिल्यांदा बटण दाबायचं. बाकीचे सगळे फाटकाबाहेर उभे राहतात आणि तिथूनच विचारतात, "शिंका आल्या का हो?"