जर्सीमावशीचा हात

बारक्याने आत येऊन धुलाईखोलीचं दार लावून घेतलं, तेव्हाच मावशीने हातातलं धुणं खाली ठेवलं. ते दार कधी लागतच नसे. आत वाफ कोंडायची, म्हणून खाली वीट अडकवून ते सदा उघडं ठेवलेलं. बारक्याने पायाने वीट सरकवली, कडी घातली आणि ओल्या मोज्यांच्या टोपलीला टेकून तो उभा राहिला.

"मावशी, उद्याच्या बैठकीत तू काय करणार आहेस?"

"आधी सराव संपवून ये. घामाच्या अंगाने उभा राहू नकोस."

"विषय बदलू नकोस."

मैदानावर लोक त्याला तुफान म्हणून डोक्यावर घेत. फुटबॉल संघाचा आघाडीचा खेळाडू, सगळ्या लीगमध्ये गाजलेला. पण तो मावशीच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, आणि मावशीसाठी बारक्याच. ताईची नोकरी कारखान्यात, पाळीची. शाळा सुटली की पोरगं याच खोलीत यायचं. कपड्यांच्या ढिगावर झोपायचं, उठलं की भिंतीवर चेंडू बडवत बसायचं. मुलांच्या संघाच्या प्रशिक्षकापुढे त्याला हाताला धरून नेलं ते मावशीनेच. तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. नवरा संघाची बस चालवायचा, ती जर्स्या धुवायची, म्हणून सगळ्यांची जर्सीमावशी. दोघांचा संसार क्लबाच्या दोन टोकांना चालायचा आणि जेवणाच्या सुट्टीत एकत्र यायचा.

क्लब सभासदांच्या मालकीचा होता. कार्यकारिणीत एक जागा कर्मचाऱ्यांची. मागच्या खेपेला कुणीच उभं राहीना, तेव्हा मैदान सांभाळणाऱ्या काकांनी मावशीला पुढे ढकललं होतं. "बसायचं, चहा प्यायचा आणि सगळे हात वर करतील तेव्हा आपणही करायचा. त्यात काय मोठं?" आतापर्यंत खरंच तसंच चाललं होतं. आता मात्र लीगने सगळ्या क्लबांना विचारलं होतं, खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा घालावी की नाही? बैठकीत चार जण मर्यादेच्या बाजूचे, चार विरोधात. लीगमध्येही काट्याची टक्कर होती. नववा हात जर्सीमावशीचा, हे आता गेटवरच्या पहारेकऱ्यालासुद्धा ठाऊक झालं होतं.

"माझा करार या हंगामात संपतोय," बारक्या म्हणाला. "मर्यादा आली तर नवीन करार निम्म्यावर येईल. तू मला या खेळात आणलंस, आणि तूच माझे पाय कापणार?"

"पाय कापण्याची भाषा करू नकोस. ऐकवत नाही."

"मग ऐक दुसरं. मी किती वर्षं खेळणार? पस्तिशी गाठली की मला कुणी विचारणार नाही. तोवर गुडघा गेला तर उद्याच संपलं. लोक तिकीट काढतात ते कोणाला बघायला? मला. बाकीच्या क्लबांचे मालक स्वतःच्या नफ्याला मर्यादा घालतायत का? नाही ना? मग चाप फक्त आम्हालाच का?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तिने वरच्या फळीकडे बघितलं. तिथे मुलींच्या संघाच्या जर्स्या घडी घालून ठेवलेल्या होत्या, प्लॅस्टिकमध्ये. बारक्याचा मागचा करार झाला त्या वर्षी तो संघ पैशाअभावी बंद केला होता. नदीपलीकडच्या क्लबाने त्यांच्या गोलरक्षकाला भरमसाट पगार दिला, म्हणून आपण बारक्याला त्याहून जास्त दिला, मग त्यांनी आणखी एक आणला. असं करता करता एका सकाळी नदीपलीकडच्या क्लबाच्या फाटकाला कुलूप लागलं. तिथली कपडे धुणारी बाई आता मावशीच्या हाताखाली कामाला होती. ती सांगायची, "आदल्या दिवशीपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही गं. मी वाळत घातलेले कपडे तसेच दोरीवर राहिले."

बारक्याने तिची नजर ओळखली.

"मर्यादा आली म्हणजे पोरींचा संघ परत सुरू होईल, असं कुणी सांगितलंय तुला? उरलेले पैसे अध्यक्ष नव्या खुर्च्यांत घालतील. बघशील तू."

"घालतीलही," मावशी म्हणाली.

"तर मग हात वर करू नकोस. विरोधातही जाऊ नकोस हवं तर. तटस्थ राहा. म्हण, माझा भाचा आहे, मी यात पडत नाही. कुणी तुला नावं ठेवणार नाही."

तो गेला आणि तिने दार उघडून वीट परत जागेवर सरकवली. बाहेर काका पाण्याचा पाईप गुंडाळत होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं, पण ते खाली बघून पाईपच गुंडाळत राहिले.

घरी पोहोचते न पोहोचते तोच ताईचा फोन.

"बारक्या सांगत होता. तू म्हणे गप्प बसलीस. गप्प बसलीस म्हणजे काय गं?"

"म्हणजे विचार करतेय, ताई."

"विचार कसला करायचा त्यात? आपलंच पोर आहे. त्याच्या अन्नात तू माती कालवणार? मी पाळ्या करून करून हाडं झिजवली, आत्ता कुठे चार दिवस सुखाचे दिसतायत. जगाचं भलं करायला निघालीस, आणि घरचं?"

"ताई, तसं नाही..."

"तसंच आहे! हे बघ, उद्या तुझा हात वर गेला, तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

मावशीने फोन ठेवला. नवरा समोर बसून भाजी निवडत होता. कोणत्याही भांडणात दोन्ही बाजूंना "बरोबर आहे" म्हणायची त्याची जुनी खोड. त्या दिवशी मात्र म्हणाला, "धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी तुझ्या जागी असतो तर आजारी पडलो असतो."

"मला तेही जमत नाही," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठक भरली. क्लबाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर लांबट खोली, एका बाजूच्या काचेतून अख्खं मैदान दिसायचं. खाली सराव चालू होता. बारक्या चेंडू घेऊन धावत होता आणि मावशीने मुद्दाम काचेकडे पाठ होईल अशी खुर्ची निवडली. अध्यक्षांनी घसा खाकरला. ते स्वतः मर्यादेच्या विरोधात होते आणि ते त्यांनी लपवलंही नव्हतं. तुफान गेला तर प्रेक्षक जातील, अशी त्यांना धास्ती.

"मावशी, तुमची अडचण आम्ही समजतो," ते फार गोड आवाजात म्हणाले. "नात्याचा प्रश्न आहे. तुम्ही बाजूला राहिलात तर कुणाचीच हरकत नाही. मग बरोबरी होईल, आणि नियमाप्रमाणे अध्यक्षाचं जादा, निर्णायक मत मी देईन."

म्हणजे यात न पडताही पडल्यासारखंच. आपण हात खाली ठेवला तरी तो कुणाच्या तरी बाजूने मोजला जाणार, हे मावशीला तेव्हा नीट कळलं. समोरच्या पेल्यातलं पाणी प्यायला तिने हात पुढे केला, तर सगळ्यांच्या माना वळल्या. तिने हात मागे घेतला.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "पैसे वाचले, तर पोरींचा संघ परत सुरू होईल?"

"ते नंतर बघू," अध्यक्ष म्हणाले.

मर्यादेच्या बाजूचा खजिनदारसुद्धा टेबलाकडे बघत म्हणाला, "आत्ताच शब्द देता येणार नाही, मावशी. आधी क्लब तर टिकू दे."

बारक्याने नेमकं हेच सांगितलं होतं. क्षणभर तिला वाटलं, उठावं आणि खाली जाऊन धुण्याचं यंत्र सुरू करावं. मोठ्या लोकांची भांडणं मोठ्यांनी निस्तरावीत. पण मग तिला ती दोरीवरच राहिलेली धुणी आठवली, आणि त्यांच्यामागे काका, गेटवरचा पहारेकरी, बस चालवणारा आपला नवरा, सगळे एका कुलूपबंद फाटकाबाहेर उभे दिसले.

"मर्यादेच्या बाजूने?" अध्यक्षांनी विचारलं.

चार हात वर गेले. मग एक, सावकाश. आपलाच हात दुसऱ्या कुणाचा असावा तसं ती त्याच्याकडे बघत राहिली.

बातमी जिन्यावरून तिच्या आधी खाली पोहोचली. कपडे बदलायच्या खोलीपुढून ती गेली तेव्हा आतून कुणीतरी दार लोटून घेतलं. कुणी दुरुत्तर केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या सामन्याला मैदान खच्चून भरलं. नेहमी ती प्रत्येकाच्या हुकाला जर्सी लटकवून दारात उभी राहायची. बारक्या मात्र जर्सी तिच्याच हातून घ्यायचा, लहानपणापासूनची सवय. त्या दिवशी तो आत आला, तिच्या हाताकडे न बघता दुसऱ्या बाजूने वळला आणि पिशवीतून आपली सरावाची जर्सी काढून अंगात घातली. प्रशिक्षक ओरडले, "ही चालत नाही, नंबर कुठाय?" अखेर कर्णधाराने मावशीच्या हातून जर्सी घेतली आणि बारक्याकडे फेकली. त्याने ती घातली. चेहरा दगडासारखा.

सामनाभर मावशी खेळाडू मैदानात उतरतात त्या बोगद्याच्या तोंडाशी उभी होती. एरवी ती सामने बघत नसे, तिला त्या वेळी कामं असायची. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "मावशीला घरी बसवा!" आणि हशा पिकला. बारक्याने पूर्वार्धात गोलची सोपी संधी घालवली. आज हा हरला तर त्याचंही खापर आपल्याच माथी फुटणार, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला स्वतःलाही तसंच वाटणार. उत्तरार्धात मात्र तो दोघांना चकवून आत घुसला आणि चेंडू जाळ्यात. मैदान दणाणलं. मावशीने नकळत दोन्ही मुठी वर केल्या, मग कुणी बघतंय का म्हणून झटकन खाली घेतल्या. शिट्टी वाजल्यावर त्याने जर्सी काढली आणि टोपलीत न टाकता प्रेक्षकांत भिरकावली.

लीगमध्ये मर्यादा मंजूर झाली. हंगाम संपताच बारक्या दुसऱ्या देशातल्या क्लबाकडे गेला, तिथे मर्यादा नव्हती. जाताना तो मावशाला भेटला. मावशी तेव्हा घरी नव्हती. ती नसेल अशी वेळ साधूनच तो आला होता का, ते मावशाने कधी सांगितलं नाही. ताईने तर बोलणंच टाकलं. संघ पुढच्या हंगामात मधल्या जागेवर घसरला, थोड्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, पण फाटक उघडं होतं. मुलींच्या संघाचं "नंतर बघू" लांबत गेलं. मावशी प्रत्येक बैठकीत तोच प्रश्न विचारायची. अध्यक्ष तिला बघूनच कपाळाला हात लावायला लागले, आणि शेवटी कंटाळून म्हणाले, "करा बाई एकदाचा सुरू!" पोरी आल्या, पण पूर्वीच्या निम्म्याच. बाकीच्यांनी खेळ सोडला होता.

आपलं बरोबर होतं का, हे मावशीला कुणी विचारलं तर ती सांगायची, "बारक्याचंही चूक नव्हतं." त्यापुढे ती जात नसे.

त्या मतदानाला वर्ष उलटून गेलं होतं. एका दुपारी ती अंगणात चादरी झटकत होती, तोच फाटकाशी रिक्षा थांबली आणि ताई उतरली. हातात पिशवी नाही, काही नाही. सरळ अंगणात येऊन ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुला काही लाज? वर्ष झालं, एक फोन करवला नाही?"

"तूच म्हणालीस, दारात पाऊल टाकू नकोस."

"पाऊल टाकू नकोस म्हटलं होतं! फोन करू नकोस म्हटलं होतं का? आणि माझ्या पोराचं नुकसान केलंस ते केलंस, वर तोंड लपवून बसलीस. आज मी सगळं बोलून घेणार आहे. कान उघडे ठेव."

ताई बोलत सुटली. लहानपणच्या फाटलेल्या फ्रॉकपासून बैठकीतल्या हातापर्यंत काही म्हणता काही सोडलं नाही तिने. मावशीही गप्प बसली नाही. दोघींचे आवाज असे चढले की शेजारीण कुंपणाशी आली. मावसा घाईघाईने बाहेर आला, दोघींकडे बघून "बरोबर आहे" म्हणाला आणि खुर्ची आणायला आत वळला.

"दोन आण," मावशी त्याला म्हणाली. "ही इतक्यात आवरणार नाही."