कागदावरचं मूल
पुण्याच्या त्या मोठ्या दुकानात फर्निचर सुटं मिळतं, घरी नेऊन आपणच जोडायचं. मी शिरूरहून स्टूल घ्यायला गेलो होतो. कवठे येमाईचे एक टोपीवाले आबा ड्रॉवरचं कपाट तळहातानं पुन्हापुन्हा हलवून बघत होते. त्यांनी माहितीचा कागद माझ्यापुढं धरला. चित्रात कपाट कलंडलेलं, खाली लहान मूल.

“वाचता येत न्हाई, पर हे कळलं.”

“भिंतीला स्क्रूनं आवळायचं, आबा. मग पडत नाही.”

“आमची भिंत मातीची हाय, खिळा धरत न्हाई. आन् नात दिसंल त्याला धरून उभी ऱ्हाती.”

कागद ठेवून ते रिकाम्या हातानं गेले.

असंच कपाट माझ्याही घरी आहे, आणि माझी भिंत सिमेंटची. आवळायची पट्टी मात्र वर्षभर कपाटाच्याच ड्रॉवरमध्ये पडून आहे. तोच ड्रॉवर उघडून माझी मुलगी वर चढते.

मी घरी फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला.