बोरी अरबच्या पडद्यावरची बाग

यवतमाळहून सकाळची एसटी धरली तेव्हा पिशवीत मुघल बागांच्या चित्रांच्या छायाप्रती होत्या आणि डोक्यात गरजेपेक्षा जास्त ज्ञान. मी पुण्यात चित्रकला शिकवतो. चित्रांमधल्या बागांवर पुस्तक लिहीत होतो. बोरी अरबच्या एका फोटो स्टुडिओत हाताने रंगवलेला बागेचा पडदा अजून आहे असं कळलं, म्हणून निघालो.

कापसाची ती वाईट वर्षं. खिडकीतून दिसणारी पऱ्हाटी (कपाशीचं झाड) गुडघ्याएवढीच राहून लाल पडली होती. मी बाग बघायला चाललोय म्हटल्यावर शेजारच्या गृहस्थांनी मला गावाचं नाव पुन्हा विचारलं.

स्टँडवर तर्री-पोहे (झणझणीत रश्शातले पोहे) खाल्ले. अर्धी तर्री शर्टावर गेली. त्याच अवतारात स्टुडिओत शिरलो.

मालकीण सुमनबाई साठीच्या. पडदाही त्यांनीच रंगवलेला. मधोमध कारंजं, चार दिशांना चार वाटा, कडेने पांढऱ्या गुलाबांची झुडपं. मी छायाप्रती पसरून चारबाग, स्वर्गातल्या चार नद्या, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्या वाटा नाहीत, पडद्याच्या घड्या आहेत. तिथला रंग उडालाय.

उजव्या कोपऱ्यात कोरं ठिगळ होतं. तेवढा भाग माकडांनी फाडला होता. दुपारी तांड्यावरून (बंजारा वस्तीवरून) एक म्हातारं जोडपं येणार होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघांचा एकत्र फोटो नव्हता, आणि दोनच्या गाडीने त्यांना परतायचं होतं.

"तुम्ही ड्रॉइंगचे सर नं? मंग लावा तिथं एक झाड," सुमनबाई म्हणाल्या.

मी जीव ओतून सुरूचं झाड काढलं. उंच, गर्द, शाही.

जोडपं आलं. आजींना सगळे याडी (आई) म्हणत. त्या स्टुलावर बसल्या, मागे वळून पाहिलं आणि उठल्या.

"मिटलेली छत्री कायले उभी केली जी इथं?"

बादशहांच्या बागेतलं झाड आहे, अमरत्वाची खूण आहे, असं मी सांगितलं. आजोबांनी विचारलं, त्याला फळ-फूल काय लागतं. काहीच नाही, हे मला कबूल करावं लागलं. याडी बसायला तयार होईनात. गाडीला वीस मिनिटं उरली होती.

सुमनबाईंनी मला फांद्या पसरवायला लावल्या, मग पंज्यासारखी पानं, मग पांढरा रंग. तेव्हा कुठे उमगलं, कडेचे ते गुलाब म्हणजे फुटलेली बोंडं होती. सगळी बाग पऱ्हाटीचीच होती. फोटोच्या बागेत कापूस कशाला, असं मी विचारलं. उत्तर याडींनी दिलं.

"यंदा वावरात पाहाले काही नाही, म्हणून तं इथं पाहून राह्यलो. अजून दोन बोंडं काढा. हात आखडू नका."

मी पाच काढली. आजोबांनी जवळ येऊन, अळी तर काढली नाही ना, याची खात्री करून घेतली.

ओला रंग लागू नये म्हणून दोघं ताठ बसली. ऐनवेळी आजोबांनी हळूच याडींच्या हातावर हात ठेवला. याडींनी हात काढला नाही. फक्त, समोर पाहा, असं बजावलं. सुमनबाईंनी बटण दाबलं.

त्यांना गाडी मिळाली. मी हात धूत बसलो, माझी चुकली.

पुस्तकात तो पडदा घेतला. शाही बागा, शाही मालक, एवढंच आजवर लिहीत आलो होतो. आपल्या बागेत काय असावं हे स्टुलावरून उठून सांगणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. संपादकांनी समासात लिहून विचारलं, ही बाग नेमकी कोणत्या शैलीतली? मी फार विचार केला नाही. लिहिलं, "बोरी अरब."