बसवून आणलेला बैल

कमळूतात्या चढावर थांबायचे ते कुणाचं तरी कौतुक करायला. पहिल्या वळणावर शेजाऱ्याच्या भाताचं, आंब्याखाली कुणाच्या सुनेचं, वर देवळापाशी नुसत्या हवेचं. टोकावड्याजवळच्या त्यांच्या पाड्यात सगळे म्हणत, माणूस मोठा बोलका. मी तिथल्या उपकेंद्राची नर्स. कौतुक करताना त्यांचा हात छातीवर असतो, हे मला दिसायचं.

"तात्या, ईसीजी काढून घ्या."

"कशाला गो बाय? कागूद निघाला का मानूस आजारी पडतो. मंग पोरगा माजे बैल इकील न् मला आसनगावच्या खोलीत कोंडील."

बैलांतलं त्यांना फार कळायचं. म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा आधी तात्यांना सोबत न्यायचा. विकणारे बैलाला सकाळपासून सावलीत बसवून ताजातवाना उभा करतात. तात्या त्याला हातही न लावता म्हणत, "चढावर चालव रे. बसल्या जागी समदेच बैल चांगले."

दोन वर्षं मी मागे लागले होते. शेवटी आरोग्य केंद्रात हृदयतपासणीचं शिबिर लागलं, तेव्हा मुलाला घेऊन स्वतःहून आले. ईसीजी साफ निघाला.

"बघ गो!" कागद माझ्या नाकासमोर नाचवला. "हाय काय त्यात?"

आमची आशाताई हसत म्हणाली, "तात्या रिक्षानं आलेत, न् सकाळपासून वडाखाली बसून हायत. चायपण जाग्यावर मागवला."

विश्रांतीनंतर काढलेल्या ईसीजीत चढावरचं दुखणं दिसतंच असं नाही. हा कागद घेऊन ते घरी गेले, की पुन्हा कुणाच्याही सांगण्यानं हलणार नव्हते. मुलगा तर रिक्षा बोलवायला उठलाही होता.

"तात्या," मी म्हटलं, "बैल बसवून आणलात."

ते हसले नाहीत. डॉक्टरांनी मान वर केली. "चढताना दुखतं का?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. रांगेतून एक बाई ओरडली, "आटपा ओ, आमाला घरी जायाचंय!"

"दुखतं," तात्या म्हणाले. "दोन वर्सं झाली." मग मुलाला, "बैल इकू नको रे."

"नाय इकत, बाबा."

कल्याणला नेलं. हृदयाच्या दोन नळ्या जवळजवळ बंद होत्या. वाचले.

बैल दिवाळीआधीच विकले गेले. तात्यांची भीती खोटी नव्हती, हे मला कबूल करायला हवं. आता ते आसनगावला मुलाकडे राहतात. माझ्याशी बोलणं टाकलंय. गोळ्या संपत आल्या, की मात्र सुनेकडून मला फोन करवतात.