रक्त कोणाकडचं

दिवस गेल्यापासून लोहाच्या गोळ्या मी रोज खात होते आणि तरी माझं रक्त वाढत नव्हतं. आष्टीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "खरं सांग, गोळ्या खातेस का फेकून देतेस?"

"खाते मॅडम."

त्यांना ते पटलं नाही. घरी आत्यालाही पटलं नाही. आत्या म्हणजे माझी सासू, माझ्या वडिलांची सख्खी बहीण. आमच्यात भावाची पोरगी सून करून आणायची रीतच आहे. माझ्या आधी माझी चुलत बहीण, आमची आक्का, याच घरात थोरली सून म्हणून आली होती. मंग मी. दोघी एकाच घरच्या पोरी, एकाच घरात जावा. तर त्या दिवसापासून आत्या मला समोर उभं करून गोळी गिळायला लावी आणि वर म्हणे, "तोंड उघड. जीभ उचल."

एवढं करूनही रक्त होतं तिथंच राहिलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला जालन्याला वेगळ्या तपासणीसाठी पाठवलं. नवऱ्याचा टेम्पो आहे. जुन्या जालन्यात आडतीवर माल उतरवून त्यानं मला लॅबमध्ये नेलं. निकाल आला तो थॅलेसेमियाचा. मला आजार नव्हता, पण तो माझ्या रक्तात दडून बसलेला होता.

"तुला याचा काही त्रास नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज मऊ होता. "पण नवऱ्याच्या रक्तातही हेच निघालं, तर बाळाला मोठा आजार होऊ शकतो. मग त्याला जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. नवऱ्याला तपासणीला पाठव, जल्दी."

नवऱ्याला सांगितलं तर तो भडकलाच. "मला काय धाड भरलीय? पोती उचलून राह्यलो मी रोज. हे डॉक्टर अन् लॅबवाले, यांचं साटंलोटं असतंय. एकाला धरलं की घरातले सगळे तपासायचे."

आणि आत्या चुलीपासून न उठता म्हणाली, "तुझ्या मायकडून आलं असल ते. आमच्याकडं असलं बिलकुल न्हाई."

तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. आजाराचं नाव काय, तो होतो कसा, आत्यानं काहीच विचारलं नव्हतं. साधा ताप आला तरी दहा प्रश्न विचारणारी बाई ती. तिनं फक्त उत्तर दिलं, तेही घाईघाईनं.

तेव्हापासून मी तिच्यावर नजर ठेवू लागले, आणि तीही माझ्यावर. मी आक्काशी बोलायला बसले की आत्याला तिथंच काहीतरी शोधायचं असे.

आक्काची एक पोरगी होती. माझ्या लग्नाआधीच ती गेली. जांबच्या जत्रेहून येताना वाटेत तिला बाहेरचं लागलं, असं आम्हाला माहेरी सांगण्यात आलं होतं आणि आम्ही ते मानलं होतं. आता मी आठवायला लागले. पिवळट पडलेला चेहरा. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं पुढं आलेलं. एकदा माहेरी आली होती तेव्हा तिच्या मनगटावर कापसाचा बोळा चिकटवलेला होता. बाहेरचं लागलेल्या पोरीला सुई कशाला?

आत्या बाजाराला गेली, तशी मी गोठ्यात गेले. आक्का शेळीची धार काढत होती.

"आक्का, पोरीला रक्त चढवायचे का गं?"

तिचे हात थांबले नाहीत. भांड्यात धार पडत राहिली. मंग ती म्हणाली, "तुला कोण सांगितलं?"

"कोणीच न्हाई. मलाही तसलंच काहीतरी निघालंय. थॅलेसेमिया."

आता मात्र तिनं शेळी सोडून दिली. "हेच," ती म्हणाली. "हेच नाव होतं. डॉक्टर म्हणले होते, दोघांच्याही रक्तात हाय, घरातल्या बाकीच्यांचंबी तपासून घ्या. आत्या तिथंच बसल्या होत्या. घरी आल्यावर मला देवाम्होरं उभं केलं. म्हणल्या, हे तोंडातून काढशील तर या घरात राहायचं न्हाई."

"अन् दाजी?"

"ते काय बोलत्यात? मायपुढं कधी बोलले?"

 म्हणजे आत्याला हे माहीत होतं. माहीत असून तिनं माझ्या बापाकडे येऊन मला मागितलं होतं.

आत्या बाजारातून आली, भाजीची पिशवी तिनं खाली ठेवली, आणि मी विचारलं. ती आधी आक्काकडे बघत राहिली. मंग खाली बसली.

"मला वाटलं, बाहेरची पोरगी आणली तर काय घेऊन येईल काय की. तू तर घरची. आपलं रक्त आपल्याला बाधत न्हाई, असं मला वाटलं."

"आत्या, मामंजी मेंढरं राखायचे. कळपातला मेंढा दर दोन-चार वर्षांनी बदलून बाहेरचा आणायचे. कामून?"

"मेंढरांचं वेगळं असतंय."

"काय वेगळं असतंय?"

तिनं पिशवीतली भाजी उपसायला घेतली. मंग पदर तोंडाला लावून म्हणाली, "अन् सांगितलं असतं तर? तुझ्या नणंदेचं लग्न व्हायचं होतं. कोण केली असती तिला?"

माझा नवरा दारात उभा होता. किती वेळ, कोणास ठाऊक.  दुसऱ्या दिवशी माल उतरवून तो एकटाच लॅबमध्ये जाऊन आला. त्याच्याही रक्तात तेच निघालं.

मंग आम्ही संभाजीनगरला गेलो. पोटात सुई घालून बाळाभोवतीचं थोडं पाणी काढतात आणि तपासायला पाठवतात. चार वेळा बाळ राहिलं तर त्यातल्या एकाला मोठा आजार असू शकतो, अशी ती गणती. कोणतं बाळ, ते मात्र तपासल्याशिवाय सांगता येत नाही. सुई बाहेर आली तशी नवऱ्यानं डॉक्टरांना विचारलं, "साहेब, हे पाणी दुसऱ्याच्या नावावर तर जाणार न्हाई ना?" डॉक्टर हसले. पण मला हसू आलं नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं.

गावात तोवर कुजबुज सुरू झालेली. एवढ्या लांब, पोटाची तपासणी, म्हणजे मुलगा का मुलगी हेच बघायला गेले असणार. गावात दवाखान्याचं काम बघणाऱ्या आशाताई घरी आल्या. "खरं सांग बाई, कशाला गेल्तीस? मला वर सांगावं लागतंय." मी सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण जाताना नजर माझ्या पोटावर होती.

निकाल आला. बाळ आमच्यासारखंच निघालं. रक्तात आजार दडलेला, पण त्याला स्वतःला काही नाही. मला पोरगी झाली. तेव्हा गावातल्या बाया म्हणाल्या, मुलगा सांगून तपासणीवाल्यानं यांना फसवलं.

पोरगी धडधाकट आहे. तरी आत्या अजून तिला उजेडात नेऊन डोळ्याची पापणी खाली ओढून बघते. मी तिला अडवत नाही. मीही बघते.

पोरगी चालायला लागली आणि आक्काला दिवस गेले. पहिली पोरगी गेल्यावर तिनं मूल होऊच दिलं नव्हतं. या वेळी तीच दाजींना म्हणाली, "मला संभाजीनगरला न्या. मला माहीत पाहिजे." मी तिच्यासोबत गेले. तिचा निकाल वाईट आला. बाळाला मोठा आजार होता. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं, ठेवायचं तर काय करावं लागेल तेही सांगितलं, आणि म्हणाले, निर्णय तुमचा. आक्कानं दाजींकडे बघितलं नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. "मी एकदा बघितलंय," ती म्हणाली. "पुन्हा न्हाई."

पोटातला तो जीव पोरगा होता का पोरगी, आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

गावाचा मात्र निकाल लागून गेला होता. नळावर एक बाई आक्काला ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरगी असल, म्हणून पाडली." आक्का घागर भरत राहिली. आत्या तिच्या मागंच होती. आत्यानं कळशी खाली टेकवली.

"पोरगी-पोरगा काय बोलून राह्यलीस? आमच्या रक्तात आजार हाय. माझ्याच रक्तात. माझी नात त्यानं गेली. बाहेरचं-फिहेरचं काही न्हवतं. मी खोटं बोलल्ते."

 मंग ती बाई दुसरीकडे वळून हळूच म्हणाली, "सुनेचं झाकायला सासू काय बी बोलंल."

आत्यानं ते ऐकलं. ती परत बोलायला गेली, पण आक्कानं तिचा हात धरला. "राहू द्या, आत्या," ती म्हणाली. मंग दोघी पाणी घेऊन पुढं-मागं चालत घरी आल्या.