पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन

अन्याय सुरेखावर झाला. अकरावीच्या तोंडी परीक्षेत, अख्ख्या वर्गासमोर, ती आई-बापासोबत ऊसतोडीहून केज तालुक्यात परतली त्याच आठवड्यात. काल दवाखान्यात माझ्या जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, पांढरा फेस चरचरत वर आला आणि मला अकरावीच्या वर्गातला फळा दिसला.

याच पेरॉक्साइडमधल्या ऑक्सिजनचा ऑक्सिडेशन नंबर केमिस्ट्रीच्या सरांनी सुरेखाला विचारला होता.

"मायनस वन, सर."

"मायनस टू! माझ्या नोट्समधी काय हाय? उसाच्या फडावर शिकलीस का गं हे?"

वर्ग खदखदून हसला. उसाच्या पाल्यानं चिरलेल्या बोटांत खडू धरून सुरेखानं मांडलं. "हायड्रोजन दोन, प्रत्येकी प्लस वन. ऑक्सिजनबी दोन. बेरीज झिरो यायला पायजे. मग प्रत्येक ऑक्सिजन मायनस वनच येतो, सर."

"लई शानी झालीस. सायन्स सोड, आर्ट्सला जा."

माझ्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. ऑक्सिजनच्या मायनस टूच्या नियमाखालीच पेरॉक्साइडचा अपवाद छापलेला होता: मायनस वन. पण माझे तोंडीचे मार्क सरांच्या हातात होते. मी पुस्तक मिटलं. तेव्हा ते मला शहाणपण वाटलं, आज लाज वाटते. सुरेखानं जूनमध्ये सायन्स सोडलं.

फडावरून आलेली पोरगी तुमच्या वर्गात फळ्यापाशी एकटी पडली, तर उभे राहा आणि ती छापील ओळ सरांना मोठ्यानं वाचून दाखवा.