कोंबडीच्या रक्ताची फिर्याद

नोकरीत मी खुनाचे बरेच पंचनामे केले. पण ज्या रक्ताने मला सर्वांत जास्त शिकवले ते एका कोंबडीचे होते. ते प्रकरण आठवले की अजूनही मी एकटाच चिडतो आणि एकटाच हसतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते आणि मी तिथे ठाणेदार होतो. साधा शिपाई म्हणून भरती होऊन सब-इन्स्पेक्टर झालेला माणूस मी. माझा बाप बैलबाजारात दलाली करायचा. रुमालाखाली समोरच्याची बोटे दाबून भाव ठरवायचा आणि मला सांगायचा, "बैलाकडे नंतर पाहावं, आधी विकणाऱ्याकडे पाहावं." थेट भरती होऊन आलेले साहेब लोक माझ्या पाठीमागे मला 'बैलबाजारवाला ठाणेदार' म्हणत. हे ते हळू आवाजात म्हणत, पण मला ऐकू येईल इतक्या.

एके सकाळी शिपायांची हजेरी चालू असतानाच एक डॉक्टर तणतणत ठाण्यात आले. हिवतापावर संशोधन करणारे सरकारी पथक तेव्हा गावाबाहेरच्या एका बंगल्यात मुक्कामाला होते. डॉक्टर त्याचे प्रमुख, मूळचे पुण्याकडचे. त्यांच्यासोबत त्यांच्या शिपायाने दंडाला धरून आणलेला एक तरुण होता. हा त्यांचा प्रयोगशाळेतला सहाय्यक. तिरोड्याकडचा, एका शिंप्याचा मुलगा.

त्याचे काम असे होते. जंगलकाठच्या गावात जायचे. लहानथोरांच्या डाव्या हाताच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा आणि दुसऱ्या काचेच्या कडेने तो पातळ पसरायचा. काचेवर नंबर कोरायचा. वाळलेल्या काचा खाचांच्या लाकडी पेटीत भरून बंगल्यावर पाठवायच्या. तिथे त्यांना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. ज्या गावाच्या रक्तात हिवताप सापडेल त्या गावाला क्विनीन मिळे. लढाईमुळे क्विनीन दुर्मिळ झाले होते, त्यामुळे रक्तात रोग दिसल्याशिवाय गोळी मिळत नसे.

खेड्यात लोक त्या तरुणाला 'रगतवाले बाबू' म्हणत.

"याच्यावर फसवणुकीचा गुन्हा नोंदवा," डॉक्टर म्हणाले. "एका गावाच्या सगळ्या काचा याने खोट्या पाठवल्या आहेत. त्यावर माणसाचं रक्तच नाही, कोंबडीचं आहे. हा जंगलात गेलाच नाही. कुठेतरी सावलीत बसून कोंबडी कापली, खाल्ली, आणि रक्त मला पाठवलं. वर प्रवासभत्ता घेतला."

मागे उभा असलेला हवालदार तोंडातल्या तोंडात म्हणाला, "मटन सोताले अन् रगत सरकारले." मी त्याच्याकडे नुसते पाहिले. तो लगेच कोठडीच्या किल्ल्या मोजू लागला.

रोजनाम्यात नोंद घेतली, फिर्याद लिहून घेतली. मग त्या तरुणाला समोर उभे केले.

"या काचा तुझ्या?"

"काचा माझ्याच, साहेब. नंबरही मीच कोरले."

"मग रक्त कोंबडीचं कसं?"

यावर तो गप्प. मी समजावून विचारले, ओरडून विचारले, टेबलावर हात आपटून विचारले. माझा आवाज त्या काळी बाजारापर्यंत जायचा. तो मात्र डॉक्टरांनी आणलेल्या काचांकडे एकदा नीट पाहून घेऊन जो गप्प झाला तो झालाच. ज्याला बचाव नसतो तो माणूस सहसा खूप बोलतो. हा बोलत नव्हता. हे मला पहिल्याच तासात खटकले होते, पण खटकणे म्हणजे पुरावा नव्हे.

संध्याकाळी माझा एक खबरी आला. गोरेगावच्या आठवडी बाजारात बांगड्या विकणारा माणूस. त्याने सांगितले, "साहेब, त्या बाबूनं बाजारातून कोंबडी घेतलीन. मी सोता पाह्यलो. काळी होती. भाव करून करून घेतलीन." म्हणजे डॉक्टरांच्या म्हणण्याला साक्षीदारही मिळाला. सर्कल इन्स्पेक्टरांचा निरोप आला की सरकारी संशोधनाचे प्रकरण आहे, आरोपपत्र लवकर पाठवा.

दुसऱ्या दिवशी मी त्याला कोंबडीबद्दल विचारले.

"घेतली होती," तो म्हणाला.

"कायले?"

"त्या गावच्या मुकद्दमाकडं, म्हनजे पाटलाकडं, उतरायचं होतं. रिकाम्या हातानं कसं जानार?"

"मग काचेवरचं रक्त तिचंच ना?"

पुन्हा तोंड बंद.

त्याचा बाप आदल्या दिवसापासून ठाण्यासमोरच्या कडुनिंबाखाली बसून होता. मला पाहून उठला आणि म्हणाला, "साहेब, आमच्या घरी कोंबडी शिजली असती त साऱ्या आळीले वास आला असता. आमच्या इथं लपून खाता येत नाई." मग आवाज उतरवून म्हणाला, "याची नोकरी अजून कच्ची आहे. एकदा सजा लागली त सरकारी दार कायमचं बंद. पुन्हा मशीनवर बसंल, पन आता त्याचं मन कापडात लागनार नाई." त्याने हात जोडले नाहीत की पाया पडला नाही. एवढे बोलून पुन्हा झाडाखाली जाऊन बसला.

मी बंगल्यावर गेलो. डॉक्टरांना म्हणालो, "मला दाखवा. कोंबडीचं रक्त ओळखायला किती शिकावं लागतं?"

ते खरोखर आनंदाने दाखवू लागले. आधी माणसाचे रक्त दाखवले. गोल, फिकट चकत्या, मधे रिकाम्या. मग दुसरी काच लावली. चकत्या लांबट आणि प्रत्येकीच्या पोटात एकेक जांभळी बी.

"पक्ष्याच्या रक्तात हे बीज असतं," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या दिवसाचा विद्यार्थीही चुकणार नाही."

"आणि तुमचा सहाय्यक?"

"बंगल्यावर असला की तो रोज शेकडो काचांना रंग देतो. त्याला तर..." एवढे बोलून डॉक्टर थांबले.

माझ्या डोक्यात बैलबाजार उभा राहिला. म्हाताऱ्या बैलाचे दात घासून तो तरणा म्हणून विकणारे मी पाहिले आहेत. पण असा बैल दात पाहणाऱ्या दलालालाच विकायला कोणी आणत नाही. हा पोरगा रोज हेच पाहतो. त्याला फसवायचेच असते तर त्याने आपलेच बोट टोचले असते आणि कोणाला पत्ता लागला नसता. कोंबडीचे रक्त अशा माणसाने लावले असणार, ज्याने सूक्ष्मदर्शकाला कधी डोळा लावलेला नाही.

मी हे डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, "तर्क ठीक आहे. पण तो स्वतः का बोलत नाही?"

याचे उत्तर त्या गावातच मिळणार होते. म्हणून एक शिपाई घेऊन मी त्या गावी गेलो.

गाव कोहमाऱ्याच्या पुढे, जंगलात. घरे गोंडांची. घरात गोंडी बोलत, आमच्याशी झाडीपट्टीची मराठी बोली. मुकद्दमाच्या पडवीत बसलो. बाबू इथे आला होता का, असे विचारले. मुकद्दम जमिनीकडे पाहत म्हणाला, "आठवत नाई जी." दुसऱ्यालाही आठवत नव्हते. मला राग आला आणि मी ओरडलो. ओरडल्यावर तर साऱ्या गावाचीच आठवण गेली.

मी बिडी पेटवायला खिशात हात घातला. तोच समोरच्या सगळ्या लेकरांनी डावा हात मुठीत घेऊन पाठीमागे लपवला. दोन बायांनीही. खिशातून सुई निघेल असे त्यांना वाटले होते. बाबू इथे येऊन गेला होता, याचा माझ्यासाठी तोच पंचनामा.

मी आवाज खाली आणला आणि शिपायाला सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "चला. त्या बाबूनं कोंबडी कापून खाल्ली, हे खरंच दिसतं. जाऊ द्या त्याले जेलात."

पडवीच्या कोपऱ्यात मुकद्दमाची म्हातारी आई मोहफुले निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

"कोन म्हनते त्यानं खाल्ली?" ती म्हणाली. "तेले त रस्साबी नाई भेटला."

मुकद्दम काहीतरी गोंडीत पुटपुटला. म्हातारीने त्याला हाताने गप्प केले.

"जेल कायले?" तिने मला विचारले.

मी सांगितले. मग मोहफुले बाजूला सारून तिनेही घडलेले सगळे सांगितले. बाबूने सकाळी सर्वांची बोटे टोचली. दुपारी पेटी पडवीत ठेवून तो डासांच्या अळ्या पाहायला बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर गेला. तेवढ्यात बायांनी पेटी उघडली. काचा बोडीच्या दुसऱ्या काठावर झुडपांआड नेऊन धुतल्या आणि गावाचे रक्त गावच्या पाण्यात परत सोडले. मग मुकद्दमाच्या घरी बाबूने दिलेली काळी कोंबडी बायांनी देवीपुढे कापली आणि तिचे रक्त, त्याला करताना पाहिले होते तसेच, काचांवर पसरून पेटी जागेवर ठेवली. परतल्यावर बाबूने पेटी न उघडता तशीच बंगल्यावर पाठवली आणि तो पुढच्या गावाला गेला.

"पन काऊन, माय?"

"मागच्या साली असाच टोचनेवाला येऊन रगत घेऊन गेला होता. त्याच्या मागून दोन लेकरं गेली. मानसाचं रगत गावाबाहेर गेलं का मानूस त्याच्या मागं मागं जाते." मग माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "आमी चोरी नाई केली, ठानेदार. जीवाच्या बदल्यात जीव देल्ला. देवीले चालते. सरकारले काऊन चालत नाई?"

"देवी काच लावून पाह्यत नाई, माय. डॉक्टर पाह्यते."

ती हसली. दात नव्हते, पण हसू पूर्ण होते.

मग मी सौदा मांडला. रक्त पुन्हा द्या, नाही तर बाबू जेलात आणि गावाला क्विनीन नाही. पडवीतच एक मुलगी गोधडीत कुडकुडत पडली होती, तिच्याकडे मी बोट दाखवले. म्हातारीनेही तिच्याकडे पाहिले. पण ती कच्चे गिऱ्हाईक नव्हती. तिने अटी घातल्या. आधी सरकारचे रक्त निघाले पाहिजे. आणि पाहून झाल्यावर प्रत्येक काच गावात परत आली पाहिजे, बोडीत धुवायला. पहिली अट मी तिथेच मान्य केली. सरकार म्हणून त्या पडवीत मीच होतो.

दुसरी अट डॉक्टरांनी उडवून लावली. "शास्त्र म्हणजे काय भाजीबाजार आहे?"

मी विचारले, "नोंद झाल्यावर या काचांचं तुम्ही काय करता?"

"धुतो. लढाईत नव्या काचा कुठून आणणार?"

"मग धुवायच्याच आहेत ना? कुठं धुता याला काही खर्च पडत नाही."

डॉक्टरांनी हातातली काच खाली ठेवली. मग म्हणाले, "ठाणेदार, तुम्ही चुकीच्या खात्यात आहात." हे कौतुक होते की टोमणा, ते मला आजवर ठरवता आलेले नाही.

तरुणाला सोडले तेव्हा मी त्याला फैलावर घेतले. "तुले माहीत होतं ना? मग बोलला काऊन नाहीस?"

"काच पाह्यल्याबरोबर कळलं, साहेब. ते पसरनं माझ्या हाताचं नव्हतं. पन मी बोललो असतो त तुमी पोलीस घेऊन गावावर गेले असते. मग त्या गावानं काय, आजूबाजूच्या कोनत्याच गावानं मले बोट देल्लं नसतं. माझं सारं काम लोकांच्या बोटावर आहे. जेलातून मानूस सुटून येते. गेलेलं बोट परत येत नाई."

मी त्याला शिव्या घालायच्या तयारीत होतो. त्या तशाच राहिल्या.

डॉक्टरांनी अट मानली आणि बाबूला घेऊन मी पुन्हा त्या गावी गेलो. आधी माझे बोट टोचले गेले. सुई इतकी लागेल असे वाटले नव्हते, पण सारे गाव माझ्या तोंडाकडे पाहत होते म्हणून मी चेहरा हलू दिला नाही. मग म्हातारी पुढे झाली, मग तिची नात, मग सगळे. त्या रक्तात हिवताप भरपूर सापडला. माझ्या काचेतही सापडला. शिपाई म्हणू लागले की साहेबांचा राग हिवतापाचा होता, आता क्विनीनने उतरेल. गावाला गोळ्या मिळाल्या. गोधडीतली मुलगी उठून बसल्याचे मी पुढच्या खेपेस स्वतः पाहिले.

खात्याने काय केले तेही सांगतो. गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, असा रिपोर्ट मी पाठवला. वर्षाच्या अखेरीस तो माझ्या नावावर 'शाबीत न झालेला गुन्हा' म्हणून मोजला गेला. शेऱ्यात लिहिले, 'तपासाबाहेरच्या वाटाघाटी करतो.' डॉक्टरांच्या अहवालात 'स्थानिक पोलिसांचे सहकार्य' एवढे तीन शब्द आले. इन्स्पेक्टरची जागा त्या वर्षी माझ्याहून धाकट्या माणसाला मिळाली. मी तो माणूस असतो तर पेढे वाटले असते, म्हणून त्याला दोष देत नाही. शेरा लिहिणाऱ्याला अजून देतो.

पण या प्रकरणाने मला दोन गोष्टी दिल्या आणि त्या पुढे प्रत्येक तपासात वापरल्या. एक, कोणतीही लबाडी समोर आली की ती कोणाला फसवू शकली असती हे आधी पाहावे. जो त्या मालाचा जाणकार आहे त्याच्या अंगावर ती लबाडी बसत नसेल, तर खरा करणारा दुसरीकडे आहे. दुसरी, आरोपी गप्प असेल तर तो काय लपवतो आहे यापेक्षा तो कोणाला लपवतो आहे हे विचारावे. हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले नव्हते.

काचा परत नेल्या त्या दिवशी मीही सोबत गेलो. जाण्याचे काही कारण नव्हते. तो तरुण पेटीतून एकेक काच काढून नंबर वाचायचा, ज्याची त्याला द्यायचा आणि तो माणूस गुडघाभर पाण्यात उतरून आपली काच धुवायचा. शेवटी एक काच उरली.

"हे कोनाची?" म्हातारीने विचारले.

"ठाणेदार साहेबांची."

मी म्हणालो, "राहू दे, तशीच पेटीत टाक."

"काऊन राहू द्याची?" म्हातारी म्हणाली. तिने काच घेतली, पाण्यात धरली, अंगठ्याने चोळून स्वच्छ केली आणि वर करून उजेडात पाहिली. "हे पाह्य. तुझं तुले परत. आता कोनाचं कोनाकडं काही नाई."

खात्याच्या साहेबांकडून 'तुझं तुला परत' हे वाक्य ऐकायला मी निवृत्तीच्या दिवसापर्यंत थांबलो होतो. ते मला आधीच, बोडीच्या काठावर, मिळून गेले होते.